डेटाची गोफण

आपल्या पेपरांत 'हॅकर' हा शब्द आला की पुढची बातमी न वाचताही कळते. कोणाचं तरी खातं साफ झालेलं असतं, नाहीतर कुठल्या तरी सरकारी वेबसाइटवर भलतंच चित्र झळकलेलं असतं. आणि शेजारी टोपडं घातलेल्या, तोंड न दिसणाऱ्या माणसाचा तोच तो फोटो! आयटीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यातही या शब्दाला दोनच खण आहेत. एक तर चोर, नाहीतर कंपनीने पगार देऊन ठेवलेला सिक्युरिटीवाला.

आज ज्या मंडळींबद्दल लिहायचंय ती या दोन्ही खणांत बसत नाहीत. जर्मनीतला 'केऑस कॉम्प्युटर क्लब', थोडक्यात सीसीसी. या क्लबाने १९८४ साली एका बँकेच्या नावावर एका रात्रीत जवळजवळ १ लाख ३५ हजार मार्कांचं बिल चढवलं. आणि पंचवीस वर्षांच्या आत त्याच क्लबाचा अहवाल देशाचं घटना न्यायालय तज्ज्ञांचं मत म्हणून वाचत होतं. या दोन टोकांच्या मधे काय काय घडलं, हा आजचा विषय. थोडं लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

तर सुरुवात १९८१ ची. बर्लिनमध्ये 'टात्स' नावाचं डाव्या विचारांचं एक वर्तमानपत्र निघतं. त्यात १ सप्टेंबरला एक छोटी जाहिरात आली. मतितार्थ असा, की कॉम्प्युटरचं वेड असलेल्या लोकांनी आता विखुरलेलं राहण्यात अर्थ नाही, भेटूया. १२ सप्टेंबरला 'टात्स'च्याच कचेरीत ही भेट झाली. ज्या टेबलाभोवती मंडळी बसली ते टेबल म्हणे साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीत गाजलेल्या 'कोमून १' या बिऱ्हाडातून आलेलं. म्हणजे क्लबाचा पहिला फर्निचरचा तुकडासुद्धा चळवळीतला!

जाहिरातीखाली सही करणाऱ्यांपैकी एक वाउ हॉलंड. खरं नाव हेरवार्ट हॉलंड-मोरित्स, जन्म १९५१. 'वाउ' म्हणजे जर्मन कुत्र्याचं 'भो'. दाढीवाला, डंगरी घालणारा, भरपूर बोलणारा हा माणूस पुढची वीस वर्षं या क्लबाचा चेहरा होता.

आता तुम्ही म्हणाल, १९८१ साली घरात कॉम्प्युटर होते तरी किती लोकांच्या? फारच थोड्यांच्या. पण सरकारकडे मात्र होते, आणि ते कामाला लागलेले होते. सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत डाव्या दहशतवाद्यांच्या टोळीने धुमाकूळ घातला होता. केंद्रीय पोलिसांचे प्रमुख होर्स्ट हेरोल्ड यांनी त्यांना शोधायला एक नवीन पद्धत काढली. लपून राहणारा माणूस खोट्या नावाने राहतो, म्हणजे त्याचं बँकेत खातं नसणार, म्हणजे तो विजेचं बिल रोख भरणार. मग रोख बिल भरणाऱ्या सगळ्यांची यादी घ्यायची, आणि ज्यांची खरी ओळख इतर सरकारी याद्यांत सापडते त्यांना वगळत जायचं. शेवटी जे उरतील त्यांच्या दारावर पोलीस. आज आपण याला डेटा मायनिंग म्हणतो आणि त्यासाठी पगार घेतो. तेव्हाच्या जर्मनांना मात्र यातलं दुसरं टोक पटकन दिसलं. यादीत उरलेले बाकीचे लोक निरपराध होते, आणि आपण कुठल्या यादीत आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं.

१९८३ साली सरकारने जनगणना काढली तेव्हा हाच राग बाहेर आला. लोकांनी बहिष्काराची हाक दिली, प्रकरण कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेलं. १५ डिसेंबर १९८३ ला निकाल लागला, की आपल्याबद्दलची माहिती कोणाला, किती आणि कशासाठी द्यायची हे ठरवण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला आहे. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला. मधे जवळजवळ चौतीस वर्षं गेली.

तर अशा हवेत हा क्लब वाढला. १९८४ च्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचं मासिकवजा पत्रक काढलं. त्याचं नाव 'डाटेनश्लॉयडर'. श्लॉयडर म्हणजे गोफण. डेटाची गोफण! शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलणाऱ्या माणसाच्या हातातली गोफण आठवा. तोफ नाही, बंदूक नाही. पण नेम चांगला असेल तर लांबवर जाते.

पहिला नेम होता पोस्टावर. तेव्हा जर्मनीत टेलिफोन म्हणजे पोस्ट खातं. भिंतीतल्या तारेला काय जोडायचं ते पोस्ट ठरवणार. पोस्टाचा शिक्का नसलेला मॉडेम जोडला तर तो गुन्हा. आणि पोस्टाने मान्य केलेली उपकरणं महाग आणि मंद. (ज्यांनी आपल्याकडे टेलिफोन कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या काकांच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल.) क्लबाने काय केलं, तर घरच्या घरी मॉडेम बनवायची कृती छापली. टेलिफोनचा रिसीव्हर ज्यात घट्ट बसवायचा ती रबरी कडी कुठून आणायची? नळाच्या सामानाच्या दुकानातून, संडासाच्या पाइपला लागते तीच. म्हणून उपकरणाचं नाव 'डाटेनक्लो', म्हणजे डेटाचा संडास. नाव गमतीचं, पण मुद्दा गंभीर होता. तार माझ्या घरात येते, बिल मी भरतो, मग तिच्यातून काय बोलायचं हे खातं का ठरवणार?

आणि मग आलं १९८४ चं बीटीएक्स प्रकरण. हे जरा सविस्तर सांगतो, कारण क्लबाची सगळी पद्धत यात आहे.

बीटीएक्स ही पोस्टाची सेवा. टीव्ही आणि टेलिफोन एका डबड्याने जोडायचे, मग टीव्हीच्या पडद्यावर पानं दिसतात. बातम्या, रेल्वेचं वेळापत्रक, बँकेचं खातं. म्हणजे वेबच्या आधीचं वेबच, फक्त सगळं पोस्टाच्या मुठीत. पान टाकणारा पानाला किंमत लावू शकत असे, जास्तीत जास्त ९.९९ मार्क. कोणी पान उघडलं की तेवढी रक्कम त्याच्या बिलात आणि पान टाकणाऱ्याच्या खात्यात. पोस्टाचं म्हणणं, सगळं काही सुरक्षित आहे.

क्लबवाल्यांनी स्वतः पानं टाकण्यासाठी नोंदणी केली आणि आत शिरून बघायला लागले. एकामागून एक भोकं सापडली. पोस्टाला सांगितलं, तर कोणी मनावर घेईना. मग त्यांच्या हाती हाम्बुर्गच्या श्पारकासे या बचत बँकेचा आयडी आणि पासवर्ड लागला. क्लबाच्या म्हणण्याप्रमाणे पान ठरलेल्या लांबीपेक्षा मोठं झालं की मेमरीतला भलताच मजकूर पडद्यावर सांडायचा, आणि त्यातच हा पासवर्ड दिसला. आपल्या भाषेत बफर ओव्हरफ्लो. पोस्टाचं म्हणणं वेगळं, यांनी तो कुठेतरी चोरून पाहिला असणार. हा वाद कधीच पूर्ण मिटला नाही.

क्लबाने ९.९७ मार्क किंमत असलेलं एक देणगीचं पान तयार केलं. १६ नोव्हेंबरच्या रात्री बँकेच्या नावाने लॉगिन केलं आणि एका छोट्या प्रोग्रॅमला कामाला लावलं. पान उघड, बंद कर, परत उघड. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पान सुमारे १३,५०० वेळा उघडलं गेलं आणि बँकेच्या नावावर जवळजवळ १ लाख ३५ हजार मार्क चढले.

आता इथे थांबा. हा पैसा खरोखर क्लबाच्या खात्यात जमा होणार होता. चोर असते तर गप्प बसले असते. यांनी सोमवारी, १९ नोव्हेंबरला, पत्रकारांना बोलावलं. हाम्बुर्गच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांसमोर सगळं करून दाखवलं आणि पैसे नकोत म्हणून सांगितलं. बँकेचा राग क्लबावर कमी आणि पोस्टावरच जास्त निघाला, कारण सेवा सुरक्षित आहे ही हमी पोस्टाचीच होती.

या एका घटनेत चार गोष्टी आहेत. भोक शोधलं. जे घेता आलं असतं ते घेतलं नाही. अधिकाऱ्यांसमोर, सर्वांदेखत दाखवलं. आणि टीव्हीसमोर बसलेल्या साध्या माणसालाही कळेल अशा भाषेत दाखवलं. 'सिस्टीममध्ये त्रुटी आहेत' असा पन्नास पानी अहवाल कोणी वाचला नसता. 'बँकेचे १ लाख ३५ हजार एका रात्रीत' हे मात्र सगळ्यांना कळलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत, क्लबाने हाम्बुर्गला पहिलं अधिवेशन भरवलं.

पण गोष्ट इतकी गोड नाही. १९८६ साली जर्मनीने कॉम्प्युटर गुन्ह्यांचा कायदा आणला. परक्या डेटात शिरणं आता सरळ गुन्हा झाला. क्लबाने त्याच वर्षी स्वतःची रीतसर नोंदणी केली, आपल्याकडे संस्था रजिस्टर करतात तशी. अराजक असं नाव लावणाऱ्यांनी अध्यक्ष-खजिनदार नेमले! पण त्यामागे शहाणपण होतं. एकटा पोरगा भोक घेऊन कंपनीच्या दारात गेला तर त्याला पोलिसांत देतात. संस्था गेली तर निदान वकिलाला फोन करून विचारतात.

ते कवचही दर वेळी पुरलं नाही. १९८७ मध्ये काही तरुण पोरं नासाच्या आणि इतर संशोधन संस्थांच्या मशीनमध्ये पोचली होती. प्रकरण हाताबाहेर जातंय म्हटल्यावर ती क्लबाकडे आली आणि क्लबाने ते जाहीर केलं. पुढच्या मार्चमध्ये क्लबाचा श्टेफेन वेर्नेरी एका सुरक्षा परिषदेसाठी पॅरिसला उतरला तो थेट अटकेत, आणि सुमारे दोन महिने तुरुंगात राहिला.

त्याहून वाईट हानोफरच्या कंपूचं झालं. हे लोक अमेरिकन लष्करी आणि संशोधन नेटवर्कमधला माल केजीबीला विकत होते. बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला हिशोबात ७५ सेंटचा फरक दिसला आणि त्याने महिनोन्महिने माग काढत यांना पकडलं, ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. त्यातला एक, कार्ल कॉख, क्लबाच्या वर्तुळात वावरणारा. त्याने स्वतःहून कबुली दिली. १९८९ च्या मे महिन्यात तो नाहीसा झाला आणि काही दिवसांनी जंगलात त्याचं जळालेलं प्रेत सापडलं. वय २३. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली.

क्लब मुळापासून हादरला. बरेच लोक सोडून गेले. बाहेरच्यांच्या नजरेत हॅकर म्हणजे हेर. पण मला वाटतं, क्लब टिकला तो याच धक्क्यामुळे, कारण आता रेघ कुठे आहे हे स्पष्ट सांगणं भाग पडलं. अमेरिकन लेखक स्टीव्हन लेव्हीने १९८४ च्या पुस्तकात हॅकर्सची नीतितत्त्वं मांडली होती. माहिती मोकळी असावी, सत्तेवर विश्वास ठेवू नये, माणसाला डिग्रीवरून न जोखता कामावरून जोखावं वगैरे. क्लबाने त्यात आपली दोन घातली. एक, दुसऱ्याच्या डेटात घाण करू नका. दोन, जो डेटा सार्वजनिक आहे तो वापरात आणा आणि जो खाजगी आहे तो जपा. दुसरं तत्त्व नीट वाचा. सरकारचं काम उघडं हवं आणि माणसाचं आयुष्य झाकलेलं. डिजिटल हक्कांची अख्खी चळवळ या एका ओळीत मावते.

तत्त्वं कागदावर राहतात. ती रोजच्या सवयीत यायला जागा लागते. क्लबाची शहराशहरांत ठिकाणं झाली. भाड्याचं तळघर, जुने सोफे, सोल्डरिंगचा वास, फ्रीजमध्ये माटे नावाचं कॅफिनवालं पेय आणि आठवड्यातून एकदा कोणालाही खुला दरवाजा. बर्लिनमध्ये १९९५ ला 'सी-बेस' सुरू झालं. बर्लिनखाली गाडलं गेलेलं अंतराळयान उकरून काढतोय, अशी त्यांची स्वतःबद्दलची कथा आहे! २००६ मध्ये जर्मन पायरेट पक्षाची स्थापना याच जागेत झाली. २००७ च्या उन्हाळ्यात काही अमेरिकन हॅकर जर्मनीतली ही ठिकाणं बघून गेले, आणि त्याच वर्षीच्या अधिवेशनात जर्मनांनी अशी जागा कशी चालवावी याच्या युक्त्या चक्क डिझाइन पॅटर्नच्या स्वरूपात मांडल्या. भाडं कसं गोळा करायचं, भांडी कोणी घासायची, भांडण झालं तर काय, सगळं. पाठोपाठ न्यूयॉर्कचं 'एनवायसी रेझिस्टर', वॉशिंग्टनचं 'हॅकडीसी' आणि सॅन फ्रान्सिस्कोचं 'नॉइजब्रिज' उभी राहिली. आज जगभर ज्याला हॅकरस्पेस म्हणतात त्या लाटेचा एक मोठा उगम हा.

आता या सगळ्याचा उपयोग काय झाला ते बघू. माझ्या मते सर्वांत मोठं प्रकरण मतदान यंत्रांचं.

सुरुवात झाली शेजारच्या हॉलंडमध्ये. तिथे बहुतेक मतदान नेडॅप कंपनीच्या यंत्रांवर होत असे. रॉप गॉन्ग्ग्रीप नावाचा जुना हॅकर, सीसीसीचा जवळचा मित्र. त्याच्या गटाने हे यंत्र मिळवलं, उघडलं आणि ऑक्टोबर २००६ मध्ये टीव्हीवर दाखवलं की आतली चिप पाच मिनिटांत बदलता येते. यंत्र बनवणाऱ्यांकडून आधी म्हटलं गेलं होतं, की हे मतदानापुरतंच यंत्र आहे, त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवा बघू. गॉन्ग्ग्रीपच्या लोकांनी त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवलं! आणखी एक गंमत. यंत्राच्या पडद्यातून बारीक रेडिओ लहरी निघतात. एका डच पक्षाच्या नावात एका अक्षरावर स्वरचिन्ह होतं. ते नाव पडद्यावर आलं की पडदा वेगळ्या पद्धतीने चालायचा आणि लहरींचा सूर बदलायचा. म्हणजे काही मीटर लांब उभं राहून, साधा रिसीव्हर घेऊन, आतल्या माणसाने त्या पक्षाला मत दिलं का ते कळणार. गुप्त मतदानाची वाट एका स्वरचिन्हाने लावली. हॉलंड पुन्हा कागदाकडे वळलं.

जर्मनीतही २००५ च्या संसद निवडणुकीत नेडॅपची सुमारे १,८०० यंत्रं होती आणि जवळजवळ २० लाख लोकांनी त्यांवर मत दिलं होतं. राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक आणि त्यांचा मुलगा, असे बापलेक घटना न्यायालयात गेले. सीसीसीने २००७ मध्ये यंत्राच्या तपासणीचा अहवाल न्यायालयाला दिला. त्याच्या लेखकांत गॉन्ग्ग्रीपही होता. ३ मार्च २००९ ला निकाल आला.

न्यायालयाने यंत्र हॅक झालं असं म्हटलं नाही. तसा पुरावाच नव्हता, म्हणून निवडणूकही रद्द केली नाही. ते म्हणालं ते वेगळंच. निवडणूक सार्वजनिक असते. म्हणून मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही खास तांत्रिक ज्ञानाशिवाय साध्या नागरिकाला तपासता आले पाहिजेत. या यंत्रांत ते शक्य नव्हतं, म्हणून त्यांचा वापर घटनाबाह्य. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो आपल्यासारख्या इंजिनियरांच्या अहंकाराला टाचणी लावतो. 'तज्ज्ञांनी तपासलंय, तुम्ही विश्वास ठेवा' हे उत्तर लोकशाहीत पुरत नाही, असं तो सांगतो. आणि ते सांगायला मदत कोणाची झाली? तज्ज्ञांचीच!

हाच गॉन्ग्ग्रीप वर्षभरातच आपल्या गोष्टीत येतो. २०१० मध्ये हैदराबादचे इंजिनियर हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन, गॉन्ग्ग्रीप आणि सहकाऱ्यांनी एका भारतीय ईव्हीएमवर शोधनिबंध लिहिला. यंत्र हातात मिळालं तर निकाल दाखवणारा भाग बदलून आकडे कसे फिरवता येतात, हे त्यात करून दाखवलं होतं. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं, की यंत्रं सीलबंद आणि पहाऱ्यात असतात, कुठल्या नेटवर्कला जोडलेली नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात असं होऊ शकत नाही. ईव्हीएम बरोबर की चूक हा वाद मला इथे काढायचा नाही, त्यावर भांडायला तुमचे फॅमिली ग्रुप आहेतच :-) मला दाखवायचंय ते पुढचं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांचं पथक हैदराबादला गेलं आणि त्यांनी हरी प्रसादांना अटक केली. तपासलेलं यंत्र मुंबईत सरकारी ताब्यातून चोरीला गेलेलं होतं, आणि ते कोणी दिलं हे सांगायला प्रसाद तयार नव्हते. आठवडाभरात जामीन मिळाला.

चोरीची चौकशी करणं हे पोलिसांचं काम, ते नाकारत नाही. पण गॉन्ग्ग्रीपच्या बाबतीतला फरक बघा. एकाच माणसाने सही केलेला एक अहवाल कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांच्या टेबलावर गेला आणि दुसऱ्या अहवालाचा सहलेखक लॉकअपमध्ये. जर्मन मंडळींच्या मागे अठ्ठावीस वर्षांचा क्लब होता, ज्याने एकदा बँकेचे पैसे सर्वांदेखत परत केले होते. हरी प्रसादांच्या मागे तसं काही नव्हतं.

तरीही प्रश्न मेला नाही. ८ ऑक्टोबर २०१३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी पुरावा आवश्यक असल्याचं म्हटलं, आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी कोर्टात आली तेव्हा जर्मनीचं उदाहरण दिलं गेलं. न्यायमूर्तींनी विचारलं, जर्मनीची लोकसंख्या किती? २६ एप्रिलला मागणी फेटाळली गेली. लोकसंख्येचा मुद्दा खोटा नाही. पण ज्या तत्त्वावर जर्मन निकाल उभा आहे, म्हणजे साध्या माणसाला स्वतः तपासता येणं, ते तत्त्व मतदार वाढले म्हणून लहान होत नाही.

परत जर्मनीत येऊ. क्लबाची गोफण चालूच होती. २००८ मध्ये पासपोर्टात बोटांचे ठसे घालण्याचा आग्रह धरणारे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ल यांच्याच बोटाचा ठसा पत्रकात छापून आला, सोबत बोटावर चिकटवायची पातळ फिल्म! एका कार्यक्रमात त्यांनी हातात धरलेल्या पेल्यावरून तो उचलला होता. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कसं बदलणार? अंगठा लावून रेशन घेणाऱ्या देशात हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

आणि २०११ मध्ये तर कमाल झाली. क्लबाकडे कोणीतरी काही हार्ड डिस्क पाठवल्या. त्यांवर पोलिसांचा पाळतीचा प्रोग्रॅम होता. २७ फेब्रुवारी २००८ ला घटना न्यायालयाने नागरिकाच्या कॉम्प्युटरची गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला होता. पोलिसांना चालू असलेलं इंटरनेटवरचं संभाषण ऐकण्यापुरतीच कडक अटींवर मुभा होती. क्लबाने बायनरी उकलली आणि ८ ऑक्टोबरला जाहीर केलं, की हा प्रोग्रॅम पडद्याचे फोटो काढू शकतो आणि इंटरनेटवरून नवे भाग आणून चालवू शकतो, म्हणजे वाटेल ते करू शकतो. वर दर्जा असा, की एन्क्रिप्शनची किल्ली कोडमध्येच लिहिलेली आणि सगळीकडे एकच. बाहेरून येणारे हुकूम कोणाचे आहेत याची तपासणीच नाही. माहिती जायची अमेरिकेतल्या सर्व्हरवरून. आपल्या टीममध्ये फ्रेशरने असला कोड रिव्ह्यूला पाठवला असता तर लीडने काय केलं असतं ते सांगायला नको. एका प्रतिष्ठित वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात पानंच्या पानं तो कोड छापून आला. बव्हेरियाच्या सरकारला प्रोग्रॅम आपला असल्याचं मान्य करावं लागलं.

वाउ हॉलंड हे बघायला नव्हता. २९ जुलै २००१ ला, पन्नाशीच्या आत, तो गेला. क्लब मात्र फोफावला. २०१९ च्या अधिवेशनाला सुमारे १७,००० लोक होते. हजारो स्वयंसेवक, ज्यांना तिथे 'देवदूत' म्हणतात, तिकिटं तपासण्यापासून केबल टाकण्यापर्यंत सगळं करतात.

म्हणजे जर्मनीत सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. २०२१ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या प्रचार ॲपमधलं भोक एका तरुणीने रीतसर कळवलं, तर पक्षाने तिच्याविरुद्धच पोलिसांत तक्रार केली. सीसीसीने जाहीर केलं, यापुढे तुमची भोकं आम्ही तुम्हाला कळवणार नाही. पक्षाने तक्रार मागे घेतली. पण जानेवारी २०२४ मध्ये एका फ्रीलान्स प्रोग्रॅमरला, कंपनीच्या डेटाबेसचा उघडा पडलेला पासवर्ड वापरून दोष दाखवला म्हणून, ३,००० युरो दंड झाला. आपल्या आयटी कायद्याच्या ४३ व्या कलमातही मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं हाच मुद्दा आहे. हेतू चांगला होता की वाईट याचा विचार ६६ व्या कलमापर्यंत गेल्यावर होतो, जिथे तीन वर्षांच्या कैदेची गोष्ट सुरू होते. त्यामुळे बँकेच्या ॲपमध्ये काही विचित्र दिसलं तरी आपल्यातले बहुतेक जण 'जाऊ दे, कशाला नसती भानगड' म्हणून गप्प बसतात. आणि भोक तसंच राहतं, जोवर ते गप्प न बसणाऱ्या पण सांगतही न सुटणाऱ्या एखाद्याला सापडत नाही.

सीसीसीपासून घ्यायचं ते हे. हॅकिंग येणारी पोरं आपल्या पुण्या-बंगलोरात कमी नाहीत. कमी आहे ती संस्था. तिच्याकडे जुना हिशोब असतो, वकील असतो, पत्रकाराशी बोलायची सवय असते आणि रेघ कुठे आहे हे नवीन पोराला सांगणारे चार ज्येष्ठ असतात. अशी संस्था एका रात्रीत होत नाही. बीटीएक्सपासून कार्ल्सरूहच्या निकालापर्यंत पंचवीस वर्षं लागली, आणि मधे एका तेवीस वर्षांच्या मुलाचा जीव गेला.

तोवर निदान एवढं करा. यापुढे पेपरात 'हॅकरने अमुक फोडलं' असं आलं की टोपड्यातल्या फोटोकडे न बघता तीन प्रश्न विचारा. त्याने काय नेलं? आधी कोणाला सांगितलं? आणि ते भोक बुजवलं का? बातमीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर खरी बातमी अजून छापून यायचीच आहे असं समजा.